रंभाआत्याच्या हाती

शाळेची बस थांबली तेव्हा विनयाने सवयीने हात पुढे केला, आणि तिच्या आधी केळुसकरवहिनींचा हात पुढे झाला. तसं फार काही घडलं नाही. दार उघडलं, पोरं एकामागून एक उतरली, वहिनींनी एकेकाचा दंड धरून त्यांना आपल्या बाजूला घेतलं आणि विनयाकडे न बघता म्हणाल्या, "आज राहू दे तू. मी आलेय." बुधवार होता, आणि बुधवार विनयाचा. बस त्यांच्या गल्लीत शिरत नसे, हमरस्त्यावर थांबे, आणि त्या रस्त्यावरून रेतीचे ट्रक जात. म्हणून बिल्डिंगमधल्या पाच आयांनी पाच वार वाटून घेतले होते. ज्या बाईचा वार, तिने सगळ्यांची पोरं पलीकडे न्यायची. "अहो, मी बरी आहे की," विनया म्हणाली, कारण तिला खरंच वाटलं, की आपण आजारी असल्याचं कुणीतरी सांगितलं असेल. "तसं नाही गं. आमचं सगळ्यांचं ठरलंय." वहिनींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पोरांची साखळी घेऊन रस्ता ओलांडला. अनुष्का तेवढी बसच्या पायरीपाशी उभी राहिली. तिचा दंड कुणी धरला नव्हता. विनयाचा हात अजून पुढेच होता, तो तिने मुलीच्या खांद्यावर ठेवला, जणू त्याच कामासाठी काढला होता.

विनयाला सुखी राहायची सवय होती. दोन खोल्यांचं घर, खिडकीत अळूची कुंडी, बँकेत नोकरीला असणारा आणि घरी आल्यावर पाय धुऊन मगच बोलणारा नवरा, आठ वर्षांची बडबडी मुलगी, आणि रिक्षाने गेलं तर अर्ध्या तासात माहेर. वसईच्या मुलीला वसईतच घर मिळावं याहून जास्त काय हवं, असं तिला मनापासून वाटे आणि ते ती बोलूनही दाखवी, ज्यामुळे बिल्डिंगमधल्या बायका तिला जरा भोळी समजत. मुंबईत जागा परवडली नाही म्हणून इथे आलेली माणसं ती. त्यांच्या बोलण्यात नेहमी कुठलं तरी दुसरं गाव असे. नळाला पाणी नाही, टँकर आला नाही, डास फार. विनया हसून म्हणे, "होईल हो." त्या दुपारीही घरी येऊन तिने अनुष्काला पोहे दिले, दप्तर जागेवर ठेवलं, गॅसवर चहा चढवला, आणि चहा उतू जाऊन बर्नर विझला तरी तिच्या लक्षात आलं नाही. आमचं सगळ्यांचं ठरलंय. म्हणजे बसून ठरवलं असणार. कुणाच्या तरी घरी, चिवड्याच्या बशा पुढ्यात घेऊन. त्यात आपण नव्हतो एवढं तिला दुखलं. कशासाठी ठरवलं असेल, ते तिला 'ठरलंय' ऐकलं तेव्हाच कळलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. केळुसकरवहिनींना आणि त्यांच्या मुलीला, क्षितिजाला, विनयानेच आग्रह करून माहेरी नेलं होतं. खाडीच्या बाजूचं गाव, भाताची कापणी उरकलेली, अंगणात पेंढ्याचा वास. वहिनी खूश होत्या; केळीचं पान, ताजी वालपापडी, सगळ्याचं कौतुक करत होत्या. दुपारी सगळी बावखलावर गेली. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला जुन्या माणसांनी खणलेलं तळं, एका बाजूने दगडी पायऱ्या, वर आंब्याची सावली, आणि दिवाळीत ते काठोकाठ असतं. त्या गावात पोरांना पोहायला शिकवायची रीत ठरलेली. सुकवलेला भोपळा काथ्याच्या दोरीने पाठीवर बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं. दोन-चार दिवस पोर भोपळ्याच्या जिवावर हातपाय मारतं. मग एक दिवस शिकवणारं माणूस शेजारून पोहत असताना हळूच गाठ सोडतं. पोराला कळू द्यायचं नाही. भोपळा एकीकडे जातो, पोर दुसरीकडे, आणि पैलतीरी पोचल्यावर काठावरची माणसं म्हणतात, मागे बघ. त्या दिवशी अनुष्काची गाठ रंभाआत्याने सोडली. रंभाआत्या विनयाच्या वडिलांची चुलतबहीण, साठीची, लुगड्याचा कासोटा मारून पाण्यात उतरलेली. अनुष्का मान वर काढून, तोंडाचा चंबू करून चालली होती, छान चालली होती. विनया पायरीवर उभी होती आणि आनंदाने हसत होती. तेवढ्यात वहिनींना भोपळा दिसला. एकटाच तरंगत चाललेला.

वहिनी ओरडल्या. "बुडाली, बुडाली, अगं बाई, सुटला तो!" असं काहीसं. त्या आवाजाने अनुष्काने मान वळवली, तिच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ती खाली गेली. खाली गेली म्हणजे रंभाआत्याच्या तळहातावर गेली. तो हात तिच्या पोटाखाली आधीपासून होता. क्षणात ती वर आली, खोकली, ओकली, रडली, थोड्या वेळाने हसली आणि पुन्हा उतरू का म्हणून विचारू लागली. वहिनींनी मात्र क्षितिजाला घट्ट धरलं होतं आणि ती कुठे जात नव्हती तरी सोडत नव्हत्या. त्यांची ती अवस्था बघून विनयाला माया आली, आणि त्यांना धीर द्यावा म्हणून तिने नारळपाणी हातात देत जे सांगितलं, ते त्या गावच्या मुलीने गावात सांगितलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. मलाही रंभाआत्यानेच शिकवलंय. तिचं स्वतःचं पोर ह्याच पाण्यात गेलं ना, तेव्हापासून तिच्याइतकी नजर कुणाची नाही." वहिनींनी नारळपाण्याचा पेला खाली ठेवला. विनयाला वाटलं, त्यांचं पिऊन झालं.

आता बर्नरवर सांडलेला चहा पुसताना तिला तो पेला दिसत होता, अर्धा भरलेला. किती मूर्ख आपण. तिने आपलं सगळ्यात खात्रीचं माणूस त्यांना दाखवलं होतं आणि त्यांनी काय पाहिलं? स्वतःचं लेकरू बुडू देणारी बाई, आणि अशा बाईच्या हाती आपली पोर देणारी आई. बिल्डिंगमध्ये ही गोष्ट जिना चढता चढता वाढत गेली. भाजीची टोपली घेऊन येणारी सालोमी विनयाच्या माहेरच्या शेजारच्या वाडीतली, तिनेच दुसऱ्या दिवशी दारात बसून सांगितलं, "बाय, तिसऱ्या माळ्यावर बोलतात, तुझ्या पोरीला दवाखान्यात नेलेली. पोटातून पानी काढला. मी बोलले, अशी नाय गोष्ट, पन माझा कोन ऐकते?" विनया हसली. सालोमी हसली नाही. "आनि तुज्या आत्याला पन कललाय हां. मी नाय बोलले. गावात कोनी तरी बोलला." वालपापडी मोजून घेताना विनयाची ओंजळ तशीच राहिली.

आश्चर्य हे, की राग येत नव्हता. तिला वाटलं होतं येईल. ती जिन्यात उभी राहून एकेका दाराकडे पाही आणि तिला एकेक गोष्ट आठवे. चेअरमन गुरवकाकांच्या स्कूटरवर एक नात पुढे उभी असते, दुसरी मागे, आणि काका हमरस्त्यावर एका हाताने पानाची पुडी सोडतात. तळमजल्यावरची पोर गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून येते, स्वतः गॅस पेटवते, दूध तापवते, रात्री आई-वडील येईपर्यंत टीव्ही बघते. सगळे म्हणतात, किती शहाणी. सगळेच करतात त्याला कुणी धोका म्हणत नाही. पण हे मनात आलं की लगेच तिलाच ओशाळल्यासारखं होई, कारण त्या पोरीच्या आईचा घामेजलेला, दमलेला चेहरा तिला आठवे; ती बिचारी काय हौस म्हणून किल्ली अडकवते? आणि मग उलट्या बाजूने मन चालू लागे. समजा, रंभाआत्याचा हात तिथे नसता. समजा वीतभर मागे असता. पाण्याचा हिरवा रंग, वर येणारे बुडबुडे, पायरीवर उभी असलेली आपण, आणि आपल्या चेहऱ्यावर अजून तो आनंद. भांडी घासताना पाण्याखाली गेलेले आपलेच हात बघून ती एकदम नळ बंद करी. केळुसकरवहिनी वाईट नाहीत. त्या घाबरल्या. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी चुकलेलं लागतं, म्हणजे मग ते आपल्यावर येणार नाही असं वाटतं.

गावाने तरी काय वेगळं केलं होतं? विनया सात-आठ वर्षांची असेल. रंभाआत्याचा मुलगा त्याआधी वर्षभर गेलेला; रांगतं पोर, ती भात वारवत होती, पाठ वळली आणि ते बावखलाकडे गेलं. कुणी तिला काही बोललं नाही. बोलायचं काय? नवरा मुंबईला गोदीत निघून गेला तो फारसा आलाच नाही. मग काकीच्या बाळाचं बारसं निघालं. पाळणा बांधलेला, फुलं, घुगऱ्या, आणि बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाळाला वरून-खालून एकमेकींच्या हाती देत होत्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. बाळ फिरत फिरत रंभाआत्याच्या शेजारणीपाशी आलं. रंभाआत्याने दोन्ही हात पुढे केले. शेजारणीने बाळाला तिच्या हातांवरून पलीकडच्या बाईला दिलं. हाका थांबल्या नाहीत, हसणं थांबलं नाही. ते दोन हात मात्र थोडा वेळ तसेच राहिले, आणि मग रंभाआत्याने त्याच हातांनी पाळण्याची एक सुटलेली झालर नीट केली. विनया खांबाला टेकून घुगऱ्या खात होती. तिने ते पाहिलं आणि तिलाही वाटलं, बरं झालं दिलं नाही. हे आठवून तिला आज कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. आठ वर्षांच्या पोरीलासुद्धा कळतं, कुणाला वगळायचं ते.

आईनेही पाहिलं असणार. आई बोलणारी नव्हती; बारशाच्या जागी ती स्वयंपाकघरात होती की पाळण्याजवळ, हेही विनयाला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माळ्यावरचा भोपळा काढला, विनयाचा हात धरला आणि तिला रंभाआत्याच्या दारात उभं केलं. "रंभे, हिला पान्यात घाल. माझ्याच्यान होत नाय." आईला उत्तम पोहता येत होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. रंभाआत्या दाराआडून म्हणाली, "वयनी, माझ्या हातात नुको." आई म्हणाली, "तुझ्याच हातात," आणि भोपळा उंबऱ्यावर ठेवून घरी निघून आली. विनयाला तेव्हा फार भीती वाटली होती, पाण्याची कमी आणि त्या बाईची जास्त. पण पाण्यात उतरल्यावर पोटाखाली जो हात आला तो विसरणं शक्य नव्हतं. खरखरीत, गार आणि मुळीच न हलणारा. कुठल्याही आईचा हात तसा नसतो. आईच्या हाताला मधून मधून दुसरीही कामं आठवतात. विनया पैलतीरी पोचली तेव्हा आई काठावर उभी होती, आणि आई रडत होती, जे विनयाने त्याआधी पाहिलं नव्हतं. मग हळूहळू एकेक भोपळा त्या दारात येऊ लागला. गावाने काही कबूल केलं नाही, काही ठरवलं नाही. फक्त पोरं पाठवली.

शनिवारी संध्याकाळी गुरवकाका आले. सज्जन माणूस, आवाज खाली ठेवून बोलत. केळुसकरवहिनीही बरोबर होत्या, त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. विनयाचा नवरा हर्षवर्धन नुकताच पाय धुऊन बसला होता. काकांनी चहा घेतला, साखर बरोबर असल्याचं सांगितलं आणि मग म्हणाले, "विनयाताई, तुम्ही परक्या नाही. आयांच्या मनात भीती बसलीये, एवढंच. तुम्ही एकदा सगळ्यांना सांगून टाका, की पुन्हा त्या बाईच्या हाती पोरीला देणार नाही. विषय संपला. बुधवारपासून तुमचा वार तुम्हाला." वहिनी खाली बघत म्हणाल्या, "मला झोप लागत नाही गं. डोळे मिटले की तो भोपळाच दिसतो." त्या खरं बोलत होत्या. विनयाला त्यांचा हात धरावासा वाटला. किती सोपं होतं ते, एक वाक्य. रंभाआत्याला कळणारही नाही. कळेलच म्हणा. सालोमीची टोपली रोज तिकडूनच येते. आणि कळलं नाही तरी, पाळण्याजवळ शेजारणीनेसुद्धा एवढंच केलं होतं, हात जरा वरून नेला होता.

"काका, तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा शांत निघाला. "अनुष्का उद्या पोहायला जाईल. आत्याकडेच. बुधवार तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या." काकांनी हर्षवर्धनकडे पाहिलं, पुरुषाने पुरुषाकडे बघावं तसं. हर्षवर्धन जतकडचा. त्याच्या गावात पाणी म्हणजे घागर, फार तर टँकर. माणूस बुडेल एवढं पाणी त्याने एकत्र पाहिलं ते नोकरीला लागल्यावर. माहेरी गेल्यावर तो बावखलापासून चार हात लांब खुर्ची टाकून पेपर वाचायचा. "बघतो," तो म्हणाला. काय बघतो, ते बोलला नाही. पाहुणे गेल्यावर त्याने कपबशा उचलून मोरीत ठेवल्या, आणि अनुष्काला आठाचा पाढा म्हणायला लावला. विनयाने विचारलं नाही. तिला भीती वाटत होती. बायका वार काढून घेतील, क्षितिजा खेळायला यायची थांबेल, वाढदिवसाची बोलावणी चुकतील, हे सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं आणि त्यातून सुखी राहता येईल असं तिला वाटत होतं. पण ह्या माणसाने उद्या "नको" म्हटलं तर मात्र ती एकटी पडणार होती, आणि ते तिला जमलं नसतं.

रविवारी सकाळी तो म्हणाला, "मीही येतो." रिक्षात तो मध्ये बसला. विनया बाहेर बघत राहिली. उन्हात सुकत घातलेली मासळी, देवळाजवळची फुलवाली, चर्चमधून बाहेर पडणारी इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. हे सगळं रोजच्यासारखंच चाललेलं बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय म्हणून जरा लाजही.

रंभाआत्या पायरीवर बसली होती, कोरडी. लुगडं साधंच नेसलेलं, कासोटा नाही. अनुष्का भोपळा घेऊन तिच्याकडे धावली तशी तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "नुको गो बाय. तुझ्या मामाला सांग. माझ्या हातानं आता नाय बांधनार." विनया काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला काय कोनी बोलला नाय. पन तुला कशाला माझ्यापायी? तुला तिथं ऱ्हायाचाय. शेरातली लोक खोटी नाय बोलत. माझा पोर गेला तो गेलाच ना?" विनया तिच्याशेजारी बसली. आई असती तर भोपळा ठेवून चालती झाली असती, पण आईला सांभाळायला एकच गाव होतं, विनयाला दोन. अनुष्का एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

हर्षवर्धनने आज खुर्ची मागितली नव्हती. तो पायरीवर खाली बसला, बूट काढले, मोज्यांच्या घड्या करून बुटात ठेवल्या. मग शर्ट काढून आंब्याच्या फांदीला अडकवला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर तो उभा राहिला तेव्हा त्याचे पांढरेफटक पाय बघून अनुष्काला हसू फुटलं. "आत्या," तो म्हणाला, "काल आमच्याकडे माणसं आली होती. म्हणत होती, पोरीला धोका आहे. मी रातभर विचार केला. पोरगी पाण्यात अन् बाप काठावर, त्याला पोहायचं माहीत नाही, ह्याच्याइतका धोका मला दुसरा दिसंना. मला बांधा." त्याने रंभाआत्यापुढे पाठ केली आणि थांबला. पाठीवर काटा आला होता. पाणी समोर होतं आणि त्याला भीती वाटत होती, हे लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

मग रंभाआत्याने मांडीखालून हात काढले, ते पदराला पुसले, आणि जावयाला वरून खालपर्यंत निरखलं. "विनये," ती म्हणाली, "ह्याला एक नाय पुरायचा. घरनं दुसरा आन." विनया उठली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि पायरी चढताना मागे अनुष्काचा आवाज तिने ऐकला. अनुष्का बापाला समजावून सांगत होती, "बाबा, काठावरून कुणी ओरडलं ना, तर तिकडे बघायचं नाही. आजीच्या हाताकडे लक्ष ठेवायचं."

विनया दुसरा भोपळा घेऊन आली तोपर्यंत रंभाआत्याने कासोटा मारला होता.